त्याच पैशांत जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? माझं मत जुन्याच्या बाजूने

भिंग

भाचीला स्वतःचा पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत आणि दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच. एक म्हणजे ओळखीतल्या माणसाने जपून वापरलेला निकॉन डी७५० (डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला), सोबत ५० मिमी आणि ८५ मिमी अशा एफ/१.८ च्या दोन लेन्स. दुसरा म्हणजे निकॉनचाच कोरा करकरीत झेड५० (मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला), त्याच्यासोबत १६-५० ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स. मी डी७५० घे म्हटलं. तेव्हापासून घरात सगळे माझ्यावर तुटून पडलेत. २०१४ सालचं मॉडेल पोरीच्या गळ्यात का मारतोस, असा सूर आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. फोटो उजेडाने बनतो आणि उजेड लेन्समधून येतो. ती किट लेन्स ५० मिमीवर नेली की तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, एफ/६.३ च्या वर उघडत नाही (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). तिथे एफ/१.८ ची लेन्स असेल तर सुमारे बारा पट उजेड आत येतो. संध्याकाळी घरात एका दिव्याखाली कुणी वाचत बसलंय असं समजा. शटरचा वेग तोच ठेवला तर किट लेन्सला आयएसओ (म्हणजे कमी उजेड वाढवून घेण्याचा आकडा, जास्त झाला की खरखर वाढते) ६४०० लागेल, एफ/१.८ चं ५०० वर भागेल. शिवाय डी७५० चा सेन्सर क्षेत्रफळाने दुपटीहून मोठा. चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला त्वचेचा पोत टिकतो की खरखर दिसते, ते इथेच ठरतं.

दुसरं, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर. आरशावरून प्रिझममध्ये गेलेला खराखुरा उजेड डोळ्याला दिसतो, मध्ये इलेक्ट्रॉनिक पडदा नाही. त्यामुळे बॅटरीही दणकट चालते. एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीत डी७५० चे १२३० फोटो, तर निकॉनच्याच मिररलेस झेड६ च्या पहिल्या आवृत्तीचे ३१०.

ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा, पण कारणासकट.

रात्रपाळी

असहमत. आणि मी एके काळी तुमच्याच बाजूचा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि ८५ मिमी एफ/१.८ होती. वडिलांचा खिडकीपाशी बसलेला एक फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर झकास दिसला. रात्री संगणकावर मोठा करून पाहिला तर पापण्या मऊ, आणि कानाजवळचे पांढरे केस मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. त्या दिवशीचे चाळीसेक फोटो असेच निघाले. वडील आता नाहीत. ते फोटो मी अजून उघडतो आणि दर वेळी नजर त्या कानावरच जाते.

असं का झालं? डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो, तो थोडा उजेड खाली तळाशी पाठवतो आणि मोजमाप तिथे होतं. फोटो मात्र उमटतो मागच्या सेन्सरवर. ही दोन अंतरं केसभरही चुकली की फोकस पुढे किंवा मागे पडतो. दीड मीटरवरून ८५ मिमी, एफ/१.८ म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटरचा. डोळा ते कान हे अंतर त्याच्या कितीतरी पट. मिररलेसमध्ये फोटो जिथे उमटतो तिथेच फोकस मोजला जातो, त्यामुळे हा घोळ मुळातच उरत नाही. वर डोळा ओळखून तोच धरून ठेवणं आहेच.

डी७५० चे ५१ फोकस पॉइंट सगळे चौकटीच्या मध्यभागी दाटलेले आहेत. चेहरा कडेला ठेवायचा तर आधी मध्ये फोकस करा, मग कॅमेरा वळवा. त्या वळवण्यात तुमचे तीन सेंटीमीटर कधी जातात कळतही नाही. बारा पट उजेड देणारी लेन्स तुम्ही तिच्या हाती देताय, पण ती पूर्ण उघडून वापरायचा भरवसा देत नाही आहात.

भिंग

रात्रपाळी, वडिलांच्या फोटोंचं वाचून वाईट वाटलं. पण डी७५० मध्ये फोकस फाइन ट्यून, म्हणजे ही चूक लेन्सप्रमाणे दुरुस्त करून ठेवायची सोय, आहे. तिपाईवर कॅमेरा, समोर तिरकी पट्टी, एका संध्याकाळचं काम. दोन्ही लेन्स मी स्वतः जुळवून देईन.

रात्रपाळी

जुळवा, पण एका लेन्सला एकच आकडा साठवता येतो. दीड मीटरवर बरोबर बसलेला आकडा पाच मीटरवर तसाच बसेल याची खात्री नसते. तिने दर वेळी मामाला बोलवायचं का?

खंड्या

मी पक्षी टिपतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. पाण्याकाठी दोन-दोन तास एकाच फांदीवर नजर ठेवून बसावं लागतं. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून तेवढा वेळ नुसतं बघत राहता येतं, बॅटरीला जवळजवळ काहीच तोशीस नाही. मिररलेस मध्येच झोपतो आणि तो जागा होईपर्यंत खंड्या सूर मारून परत फांदीवर. भल्या पहाटे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दाणे दिसायला लागतात तेही मला सहन होत नाही. दुसरी बाजूही सांगतो. नेमका फोटो निघतो त्या क्षणी डीएसएलआरमध्ये आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. सूर मारतानाची सलग मालिका काढताना हे फार जाणवतं.

माणसांचे फोटो काढणाऱ्याला यातलं फारसं काही लागू नाही, हेही कबूल.

पाऊलवाट

माउंट म्हणजे लेन्स बसवायची कॅमेऱ्यावरची जागा. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. २०१८ मध्ये दोघांनीही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेससाठी नवे माउंट आणले. त्यांचे शेवटचे मोठे डीएसएलआर, म्हणजे डी६ आणि १डी एक्स मार्क ३, दोन्ही २०२०चे. डीएसएलआरची वाट आता पेंटॅक्सनेच काय ती धरून ठेवली आहे. नव्या लेन्स नव्या माउंटला येतात. बंद होत चाललेल्या वाटेवर नव्या मुलीला का पाठवायचं?

भिंग

कारण ती वाट साठ वर्षं लोकांनी तुडवलेली आहे. एफ माउंटच्या चांगल्या लेन्सचा ढीग वापरलेल्या मालात पडून आहे, लोक मिररलेसकडे जाताना विकून टाकतायत. शिकणाऱ्याला पुढच्या वर्षी येणारी लेन्स लागत नाही, आज हातात असलेली लागते.

उजेड

दोन गोष्टी.

मी नवशिक्यांना शिकवते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, समजवायला मला पूर्वी तीन-चार बैठका लागायच्या. मिररलेसवर मुलं चकती फिरवतात आणि फोटो काळवंडताना, उजळताना बटण दाबायच्या आधीच बघतात. अपर्चर, वेग, आयएसओ यांचं नातं पहिल्या तासात डोक्यात बसतं. जुन्या कॅमेऱ्यातही लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर चित्र बघायची सोय) आहे म्हणाल, पण भर उन्हात मागचा पडदा दिसत नाही. डोळ्याला लावलेला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर दिसतो.

दुसरं, तुमचा लेन्सचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, पण तो डी७५० चा मुद्दा नाही. एफटीझेड अडॅप्टर (एफ माउंटची लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा) लावला तर तीच ५० मिमी झेड५० वरही चालते. फक्त एक सांगा, त्या दोन लेन्सच्या नावात जी अक्षर आहे की डी?

भिंग

आत्ता विचारून घेतलं. ५० ची जी आहे, ८५ ची डी.

उजेड

मग ८५ चं अवघड आहे. तसल्या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, कॅमेऱ्याच्या पोटातली मोटर एका स्क्रूने तिला फिरवते. ती डी७५० मध्ये आहे, एफटीझेडमध्ये नाही. झेड५० वर ती हातानेच फोकस करावी लागेल. ५० जी मात्र ऑटोफोकस करेल. झेड५० च्या छोट्या (क्रॉप) सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी दिसेल, चेहऱ्यांना अगदी योग्य.

भिंग

म्हणजे मी जोडी म्हणून जिचा हिशेब करत होतो त्यातली निम्मीच तिकडे जाते. मग डी७५० चं पारडं जडच झालं की!

एक्स्पोजरबद्दल मात्र तुमच्याशी अजिबात जमणार नाही. आधी मनात अंदाज बांधायचा, फोटो काढायचा, चुकला की का चुकला ते शोधायचं. उजेड वाचायला मी असाच शिकलो. पडद्यावर तयार उत्तर दिसलं की डोळा खोलीतल्या उजेडाकडे बघायचंच सोडतो.

उजेड

माझी मुलं खोलीतल्या उजेडाकडे जास्त बघतात, कारण आकडेमोडीत अडकत नाहीत. हे मी दर वर्षी बघते.

भाची

नमस्कार, मीच ती भाची. घरातल्या संगणकावर हे उघडंच होतं.

मामा, मी कशाचे फोटो काढणार आहे हे तू मला विचारलंसच नाही. मला आमच्या नाटकाच्या तालमी टिपायच्या आहेत. खोलीत उजेड कमी असतो, म्हणून तुझी एफ/१.८ मला हवीच आहे. पण तिथे शांतताही लागते.

काल मी डी७५० मागून आणला आणि तालमीला घेऊन गेले. शटर क्यू वर, म्हणजे हळू आवाजाच्या मोडवर ठेवलं. भांडणाच्या प्रवेशात कुणाचं लक्ष गेलं नाही. हातात घेतल्यावर फार आवडला, व्ह्यूफाइंडर एवढा मोठा आणि स्वच्छ की नुसतं बघत बसावं. मग शेवटचा प्रवेश आला. आई रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहते आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते. मिनिटभर कुणी बोलत नाही. मी एकदा दाबलं. खट्-टक्. आई झालेली ताई हलली नाही, पण तिचे खांदे वर गेले ते मला व्ह्यूफाइंडरमधून दिसलं. पुढचं मिनिट मी बोट उचलूनच बसले. तिने खुर्चीवरून हात काढला तो क्षण माझ्याकडे नाही.

मला आवाज न करणारा कॅमेरा हवा आहे. मी झेड५० घेतेय, किट लेन्स सोडून, अडॅप्टर आणि ५० जी घेऊन. ८५ साठी ज्यांच्या त्या लेन्स आहेत ते काका वेगळा ग्राहक बघतील.

भिंग

हे मला खरंच ठाऊक नव्हतं, विचारायला हवं होतं. घरातल्या माणसांचे फोटो काढणाऱ्याला मी आजही डी७५० च सांगेन, ते मत बदललेलं नाही. तालमीसाठी तुझं बरोबर आहे. ८५ डी मी घेतो, माझ्या जुन्या बॉडीत मोटर आहे.

पाऊलवाट

घेताना ती लेन्स टॉर्चसमोर धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. अपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना, तेही बघा.

रात्रपाळी

भाची, एक लक्षात ठेव. आवाज बंद केला की इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं जातं. ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं आणि तेवढ्या वेळात एलईडी दिवे लुकलुकतात. फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. माझ्याकडे झोपलेल्या बाळाच्या चेहऱ्यावर असे पट्टे आलेत. तालीम सुरू व्हायच्या आधी रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढून बघ. पट्टे दिसले तर वेग १/१०० किंवा १/५० वर आण, बरेचदा जातात. नाहीच गेले तर दिवे लावणाऱ्याला विचार, जुना तारेचा बल्ब असलेला एखादा दिवा त्या खुर्चीवर टाकता येईल का.