भाचा १८ पूर्ण, आमच्याकडे राहतो आणि कॉलेजला दांड्या मारतो. कायद्याने मी अडकतो का?

पुण्यातला मामा:
ताईचा मुलगा जूनपासून आमच्याकडे आहे, बीकॉम फर्स्ट इयर. ऑगस्टमध्ये १८ पूर्ण झाली. सकाळी साडेसातला डबा घेऊन निघतो आणि कॉलेजात पोचतच नाही, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं तेव्हा आम्हाला कळलं. डबा बऱ्याचदा तसाच भरलेला परत येतो, मामीने विचारलं की म्हणे कॅन्टीनला खाल्लं. अ‍ॅडमिशन फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून माझी सही आहे. दाजी म्हणतात तुमच्या भरवशावर पाठवलाय, आता तुमचं तुम्ही बघा. सोसायटीतले काका तर म्हणाले उद्या याने काही लफडं केलं तर पोलीस आधी तुम्हालाच उचलतील. खरंय का हे? आणि परत गावी पाठवायचं म्हटलं तर पाठवता येतं का?

काळा कोट:
काकांना चहा पाजा आणि सोडून द्या. १८ पूर्ण म्हणजे सज्ञान, हे १८७५ च्या कायद्यापासून चालत आलंय. मुलाला शाळेत घालायची जबाबदारी पालकांवर टाकणारा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि तोही फक्त ६ ते १४ वयासाठी. कॉलेज बुडवणं गुन्हा नाही, ना त्याचा ना तुमचा. लोकल गार्डियन म्हणजे कॉलेजने फोन करायचा माणूस, बाकी काही नाही. १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलाचे पालक म्हणजे वडील, मग आई, आणि तेही मूल अज्ञान असेपर्यंतच, त्यामुळे दाजींनी फोनवर जबाबदारी दिली म्हणून ती कायद्याने तुमच्याकडे येत नाही. फक्त तुम्ही सही केलेल्या कागदावर फीची हमी वगैरे आहे का ते वाचा.

घर तुमचं, तो पाहुणा. जा म्हणू शकता, राहण्याचा हक्क लागत नाही.

पासबुक:
सहीवरून आठवलं, एज्युकेशन लोनला जामीन राहिलात का? तिथे मामा-भाचा काही चालत नाही. पोरगा नापास होवो नाहीतर कॉलेज सोडो, हप्ते थकले की बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते, आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असंही नाही.

पुण्यातला मामा:
नाही, लोन नाही काढलेलं. पण माझी अ‍ॅक्टिव्हा कधीकधी नेतो. लायसन्स अजून नाही.

काळा कोट:
अहो मग हे आधी सांगायचं ना! दांड्या राहू द्या, अडकाल तर इथे अडकाल. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर गाडीमालकावर केस होते, ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अ‍ॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले भरपाई तुमच्याकडून वसूल करायला बघतील. चावी आजच आत ठेवा. दुसरं म्हणजे खोलीत गांजाबिंजा चाललाय हे माहीत असून गप्प बसलात तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात घर वापरू देणाराही आरोपी होतो. माहीतच नसेल तर गोष्ट वेगळी.

सोलापूरची मावशी:
कायद्याचं झालं, पण तो दिवसभर जातो कुठे हे कुणीच विचारलं नाही. भरलेला डबा परत येतो याचा अर्थ पोरगा दिवसभर उपाशी हिंडतोय किंवा कुठेतरी कामाला लागलाय. माझ्याकडे पुतण्या होता तो सायन्स झेपत नाही हे सांगायला घाबरत होता, बाकी काही नाही. आधी डिफॉल्टर लिस्टचा फोटो ताईला व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे उद्या आम्हाला सांगितलंच नाही असं कुणी म्हणायला नको. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते, ती भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, मग वर्ष गेल्याचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार. आणि परत पाठवायचंच असेल तर ताई-दाजींना समोर बसवून बोला, रात्रीच्या एसटीत एकटा बसवून देऊ नका.

पुण्यातला मामा:
चावी कपाटात ठेवली. फॉर्म काढून वाचला, हमीबिमी काही नाही. ताई रविवारी येतेय. सोसायटीत पोलीस व्हेरिफिकेशन मागतायत त्याचं काय करू?

काळा कोट:
भाडं घेता का? नाही ना, मग तो भाडेकरू नाही. सेक्रेटरीला सांगा बहिणीचा मुलगा राहतोय म्हणून, फार तर आधारची झेरॉक्स द्या.