मदत हवी आहे : काकूचं घरकुल अडलंय, आणि वाडीतल्या नऊ जणींना एकत्र राहता येईल अशी काही योजना आहे का?

वाडीचा पुतण्या

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकाच धाग्यात मांडतो.

माझी थोरली काकू ७२ वर्षांची आहे. काका जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घर दोन खणी, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. मागच्या पावसात पाठची भिंत बसली. तिथे ताडपत्री बांधून तिने हिवाळा काढला. आम्ही सगळे नवी मुंबईत. माझे वडील माथाडी कामगार होते, वाडीतल्या बहुतेक घरांचं तसंच. काकूला इकडे आणून पाहिलं. दीड महिना राहिली आणि परत गेली. तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

आता घरकुल. सर्वेक्षणात तिचं नाव आलं, पण वेगळं कुटुंब म्हणून नाही. आमचा एक चुलत भाऊ गावात असतो, त्याच्या कुटुंबात तिला धरलं. घराचा मिळकत क्रमांक एकच आहे, मधे फक्त भिंत आहे. भावाकडे मालवाहू टेम्पो आहे. चारचाकी असल्यामुळे ते कुटुंब अपात्र, आणि त्याच्याबरोबर काकूही अपात्र. तिची चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं, श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचे १५०० रुपये तिच्या स्वतःच्या खात्यावर येतात. मी दोनदा कार्यालयात गेलो. दोन्ही वेळा 'यादी वरून आली आहे' एवढंच उत्तर मिळालं.

प्रश्न १ : यावर दाद कुठे मागायची?

दुसरा प्रश्न जरा वेगळा आहे. वाडीत अशा नऊ जणी आहेत. सगळ्या एकट्या, सगळ्या पासष्टीच्या पुढच्या. पावसाळ्यात त्या नऊ घरांत झोपत नाहीत, चार घरांत झोपतात. संध्याकाळी जेवण आटोपलं की ज्यांची घरं धोक्याची, त्या पांघरूण काखेत मारून बरं घर असलेल्या बाईकडे जातात आणि पहाटे चारला चूल पेटवायला आपल्या घरी येतात. मे महिन्यात कुणाचं छप्पर कसं आहे ते बघून कोण कुठे झोपणार ते ठरतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. गेली चार-पाच वर्षं असंच चाललंय आणि मला ते या मेमध्ये गेल्यावर कळलं.

वाडीतली जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा पटसंख्येअभावी बंद पडली आहे. पत्रे चांगले आहेत, भिंती दगडी आहेत. तिथे या नऊ जणींना राहता आलं, एक स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरं झाली, तर प्रत्येकीला वेगळं घरकुल बांधण्याची गरजच राहणार नाही.

प्रश्न २ : गावातल्या गावात अशा निवासासाठी सरकारी योजना आहे का? शहरातल्या वृद्धाश्रमाबद्दल विचारत नाहीये. त्या कुठेही जाणार नाहीत.

माजी विस्तार अधिकारी

पंचायत समितीत बरीच वर्षं काढली, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तुमच्या काकूंचं प्रकरण नीट लढवलं तर सुटण्यासारखं आहे. सर्वेक्षणात कुटुंब धरताना एका चुलीवर जेवणारी माणसं बघायची असतात, भिंत कुठे आहे ते नाही. वेगळं रेशनकार्ड, वेगळी चूल आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, हे तिन्ही पुरावे तुमच्याकडे आहेत. वर आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली, तेव्हा प्राधान्यक्रम २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतल्या वंचिततेच्या निकषांवर ठरवला. त्यातला एक निकष म्हणजे घरात १६ ते ५९ वयाचं कुणीच नसणं. दुसरा म्हणजे स्त्री कुटुंबप्रमुख असणं आणि त्या वयाचा पुरुष नसणं. तुमच्या काकू दोन्हींत बसतात. वेगळं कुटुंब म्हणून नोंद झाली असती तर त्या यादीत वर असत्या.

दाद मागायची जागा पहिली ग्रामसभा. यादी तिच्यापुढे ठेवावीच लागते. लेखी अर्ज द्या, ठराव घ्यायला लावा, ठरावाची प्रत मागून घ्या. नुसतं तोंडी बोलून परत येऊ नका. तिथे झालं नाही तर नाव वगळल्याबद्दल जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे जाता येतं. 'यादी वरून आली' हे उत्तर ऐकून माघारी फिरायचं कारण नाही.

जमीन किती आहे? कोरडवाहू ५ एकर किंवा बागायती अडीच एकर असेल तर नाव जातं. २०२४ मध्ये निकष थोडे सैल झाले, दुचाकी आणि फ्रिजची अट काढली, मासिक उत्पन्नाची मर्यादा १०,००० वरून १५,००० केली. पण चारचाकी आणि जमिनीची अट राहिली.

वाडीचा पुतण्या

खूप आभार, साहेब. चुलीचा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता.

सातबारा सामाईक आहे. चौघांत मिळून सहा एकर, सगळी जिरायत. काकूचा हिस्सा दीड एकर. घराचा नमुना ८ चा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे. ते आड येईल का?

माजी विस्तार अधिकारी

दीड एकर म्हणजे काळजी नाही, फक्त हिस्सा किती तो अर्जात स्पष्ट लिहा. एकत्रित सहा एकर बघून कुणी फुली मारायला नको. उताऱ्याचं मात्र आत्ताच हाती घ्या. वारसनोंद करून घ्या आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र घ्या. टेम्पोवाल्या भावाची सही सगळ्यात आधी. घरकुल मंजूर होऊन जागेवरून वर्षभर लटकलेली प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि बहुतेकांत भांडण नव्हतं, फक्त कुणी सही आणायला मुंबईला गेलं नव्हतं.

कोयनाकाठ

घरकुल मंजूर झालं तरी पुढचं सांगते, कारण माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही यातून गेलो.

अनुदान १,२०,००० रुपये. १,३०,००० आहे ते डोंगराळ राज्यांना आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांसारख्या दुर्गम भागांना. आपलं गाव कितीही डोंगरात असलं तरी आपल्याला १,२०,००० च मिळाले. शौचालयाचे १२,००० वेगळे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना राज्याने २०२५ मध्ये ५०,००० वाढवून दिले, त्यातले १५,००० छतावर सौरऊर्जा बसवली तर. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट.

आता हे सगळं ७२ वर्षांच्या बाईच्या जागी उभं राहून बघा. पैसे हप्त्याने येतात, काम पुढे गेल्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. म्हणजे आधी खर्च करायचा. वाळू ५ ब्रास मोफत आहे, पण आणायची आपण. आमच्या वस्तीला गाडीरस्ता नाही, सिमेंटची गोणी खालच्या रस्त्यापासून डोक्यावरून यायची आणि प्रत्येक गोणीची मजुरी वेगळी. ९० दिवसांची मजुरी सासूबाई स्वतः कुठून करणार? बँकेकडून ७०,००० पर्यंत कर्जाची सोय कागदावर आहे, पण त्या वयाला ते आम्ही मागितलंच नाही. शेवटी माझ्या नवऱ्याने दोन महिने बिनपगारी रजा घेतली म्हणून घर उभं राहिलं. ज्यांना कुणी नाही त्यांनी काय करायचं?

माजी विस्तार अधिकारी

ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे आणि ते फारच थोड्या लोकांना माहीत असतं. लाभार्थी वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग असेल आणि स्वतः घर बांधून घेऊ शकत नसेल, तर ते घर गवंडी प्रशिक्षणात घ्यायचं. शिकाऊ गवंडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ते बांधतात, त्यांचंही शिक्षण होतं. तेही जमलं नाही तर बांधकामाला मदत करण्याची जबाबदारी राज्यावर आहे. पण ही सोय मागावी लागते. पुतणेसाहेब, काकूंच्या अर्जातच ही मागणी लिहा. माझ्या नोकरीच्या काळात मी स्वतः अशी दोनच घरं करून घेऊ शकलो. मागणारे आले असते तर जास्त झाली असती, याची खंत आहे.

सावली

दुसऱ्या प्रश्नावर. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे.

२००७ च्या पालक आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम १९ सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी. पण तिथे शब्द 'स्थापन करू शकेल' असा आहे, 'करील' असा नाही. आणि झाला तरी १५० जणांचा, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी. तुमच्या वाडीतली बाई तिथे जाईल तेव्हा तिची शेजारीण, तिची गाय, तिचं परड्यातलं आळू सगळं सुटेल.

केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत ज्येष्ठांच्या निवासासाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळतं, तिथे सर्वात लहान घर २५ जणांचं. तुमच्या नऊ जणी त्यातही बसत नाहीत. २०१९ मध्ये केंद्राने निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२४ मध्ये महारेरानेही, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानेही, काढली. रुंद दरवाजे, उतार, न्हाणीघरात धरायला दांडे, हे सगळं त्यात चांगलं आहे, पण ते विकत घेणाऱ्यांसाठी, बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकल्पांसाठी.

म्हणजे एका टोकाला एका कुटुंबाला एक घर, दुसऱ्या टोकाला १५० जणांचा आश्रम. मधल्या नऊ जणींसाठी काही नाही. आणि २०११ च्या जनगणनेत देशातल्या १० कोटींहून जास्त ज्येष्ठांपैकी सात कोटींच्या वर खेड्यांत होते. मला हे वाचून दरवेळी राग येतो.

वाडीचा पुतण्या

म्हणजे रस्ताच नाही का?

सावली

तयार रस्ता नाही, पण पायवाट पडू शकते.

शाळेची इमारत जिल्हा परिषदेची असेल. ग्रामसभेने ठराव करून ती ज्येष्ठांच्या निवासासाठी मागायची. वापर मिळाला की दुरुस्ती, न्हाणीघर, पाणी हे गाव विकास आराखड्यात घालायचं. आराखड्यासाठी ठरवलेल्या नऊ संकल्पनांत 'सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव' ही एक आहे, तिच्याखाली हे सरळ बसतं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी असतो. नऊ जणींत कुणाकडे दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर दांडे, कमोड, उतार यासाठी तो मागा. मोतीबिंदूकडे दुर्लक्ष होऊन दृष्टी गेलेल्या किंवा गुडघ्याने अधू झालेल्या बायकांनी हे प्रमाणपत्र काढलेलंच नसतं, तपासून बघा.

रोजच्या चालवण्याचा पैसा हा खरा अवघड भाग. नऊ जणींचे १५०० धरले तर महिन्याला १३,५०० होतात, रेशनचं धान्य वेगळं. स्वयंपाक त्या स्वतः करतात. रात्री सोबतीला वाडीतली एखादी बाई मानधनावर ठेवायची झाली तर ते मुंबई मंडळाने उचलावं असं मला वाटतं. तुमच्या वाडीचं मंडळ असेलच.

कोयनाकाठ

दुसरा पर्यायही विचारात घ्या. नऊ जणींपैकी ज्या पात्र आहेत त्यांची घरकुलं एका ओळीत, लागून बांधायची, पुढे एकच लांब ओटी. राज्याच्या महा आवास अभियानात गृहसंकुलाची कल्पना आहेच. प्रत्येकीच्या नावावर तिचं घर राहतं, दार उघडलं की शेजारीण. ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला १ लाखापर्यंत मिळतात. शाळेचा वापर उद्या कुणी काढून घेतला तर बायका रस्त्यावर येतील, नावावरचं घर कुणी काढून घेत नाही.

वाडीचा पुतण्या

कोयनाकाठ ताई, तुमचा मुद्दा मनात बसला. काल रात्री काकूला फोन लावून दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिने आधी विचारलं, शाळेत चूल कुठे असेल. मग म्हणाली, 'घर माझ्या नावावर होऊ दे, झोपायला मात्र शाळेत.' बाकीच्या आठ जणींना ती आज विचारणार आहे.

तेव्हा दोन्ही करायचं ठरवलंय. वारसनोंदीचा अर्ज या आठवड्यात. भावाशी बोललो, तो सहीला तयार आहे. त्याच्यामुळे तिचं नाव गेलं हे त्याला माहीतच नव्हतं, ऐकून फोनवर गप्प झाला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन अर्ज देणार : एक काकूचं कुटुंब वेगळं धरण्याचा आणि गवंडी प्रशिक्षणात घर घेण्याचा, दुसरा शाळेचा. मी आणि मंडळातले आणखी सहा-सात जण आदल्या दिवशी गावी पोचतोय, गणपूर्तीचं कारण नको.

आता एकच मदत हवी आहे. बंद शाळेची इमारत दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी मागणारा ठराव तुमच्यापैकी कुणाच्या गावाने केलाय का? अभ्यासिका, व्यायामशाळा, कशासाठीही असो. त्याचा मजकूर मिळाला तर शब्द नीट बसवता येतील. गावाचं नाव झाकून टाकला तरी चालेल.