युद्धकाळातल्या हेरकथा : पिस्तूल काढून घेतलं तर उरतं काय?

लकडीपूल

युद्धकाळावरची हेरकादंबरी हातात घेतली की विसाव्या पानाला पिस्तूल निघतं, चाळिसाव्याला कुणीतरी आगगाडीच्या टपावरून पळतं आणि साठाव्याला नायकाला शत्रूच्या गोटातलीच मुलगी आवडते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अनुवादांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात, त्यातली निम्मी मुखपृष्ठं एकाच साच्यातली. माझं म्हणणं असं की दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या हेरगिरीला या मसाल्याची गरजच नव्हती. तिचा थरार टेबलावर होता, कागदात होता.

१९४३ चं ‘ऑपरेशन मिन्समीट’ घ्या. दोस्त राष्ट्रांना उतरायचं होतं सिसिलीत आणि जर्मनांना पटवायचं होतं की हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार. म्हणून एका मृतदेहाला मेजर विल्यम मार्टिनचा गणवेश चढवून, बनावट पत्रांची बॅग त्याला बांधून, तो स्पेनच्या वेल्वा बंदराजवळ समुद्रात सोडला. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण त्याचे खिसे बघा. नाटकाच्या तिकिटांचे फाटके तुकडे, वाङ्निश्चयाच्या अंगठीचं बिल, खात्यावर ओव्हरड्राफ्ट झाल्याचं बँकेचं खरमरीत पत्र, ‘पॅम’ नावाच्या वाग्दत्त वधूची पत्रं. पॅम अस्तित्वातच नव्हती. फोटो होता हेरखात्यातल्या एका कारकून मुलीचा. आतले कपडे चांगल्या प्रतीचे हवेत, पण इंग्लंडात कपड्यांना रेशन. शेवटी ऑक्सफर्डच्या एका दिवंगत प्राध्यापकाचे वापरले. एखादी चड्डी चुकली असती तर सगळी मसलत फसली असती. एवढा ताण कुठल्या पाठलागात आहे, सांगा.

ताम्हिणी

सांगतो. १० जुलै १९४३ ला सिसिलीत फौजा उतरल्या हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत माणसाला धरून ठेवायचं तर त्याला एखाद्या जिवाची काळजी लागायला हवी, आणि तो जीव लेखकालाच घडवावा लागतो. बँकेच्या पत्राची काळजी कोण करणार?

दुसरं. तुमची ही ‘खरी’ गोष्ट सांगितली कुणी? ज्यानं हा डाव रचला त्या यूएन माँटेग्यूनं, १९५३ साली, स्वतःच पुस्तक लिहून. त्यात मृताचं खरं नाव नाही आणि तो न्यूमोनियानं गेला अशी थाप आहे. उंदराचं विष पोटात जाऊन मेलेला ग्लिंडूर मायकेल नावाचा वेल्समधला बेघर माणूस तो होता, हे कळायला १९९६ उजाडलं. म्हणजे तुम्ही ज्याला इतिहास म्हणून मिरवताय तोही एका हेरानं रचून सांगितलेला होता. कादंबरीकार बिचारा निदान मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असं छापतो तरी.

निवृत्त_लेखापाल

ताम्हिणी, मुद्दा बिनतोड आहे, पण बँकेच्या पत्राची काळजी मी करीन. आयुष्यभर तेच केलं आहे.

तुम्हाला ‘गार्बो’ या टोपणनावाचा दुहेरी हेर माहीत असेल. हुआन पुजोल, बार्सिलोनाचा. हा गृहस्थ आधी लिस्बनमध्ये बसून जर्मनांना ‘इंग्लंडहून’ बातम्या पाठवत होता. इंग्लंड बघितलेलं नाही. हाताशी पर्यटकांसाठीचं एक पुस्तक आणि रेल्वेचं वेळापत्रक. एका अहवालात लिहिलं की ग्लासगोची माणसं लिटरभर वाइनसाठी काहीही करतील. स्कॉटलंडात वाइन! पौंड-शिलिंग-पेन्सचा हिशेब तर त्याला कधी जमलाच नाही. पुढं ब्रिटिशांनी त्याला खरंच इंग्लंडला आणलं, आणि त्यानं सत्तावीस हाताखालचे हेर उभे केले, सगळे कल्पनेतले. त्यांचे पगार आणि प्रवासखर्च जर्मनी चुकता करत होती. लिव्हरपूलचा त्यांच्यातला एक ‘वारला’, वर्तमानपत्रात रीतसर निधनवार्ता छापून आली आणि जर्मनांनी त्या नसलेल्या माणसाच्या नसलेल्या विधवेला पैसे मंजूर केले. आमच्याकडं खऱ्या विधवेला हयातीच्या दाखल्यासाठी चार चकरा मारायला लावतात.

६ जून १९४४ ला नॉर्मंडीत फौजा उतरल्यावरही ‘हा निव्वळ देखावा, खरा हल्ला कॅलेच्या बाजूला होणार’ हे याच माणसानं त्यांच्या गळी उतरवलं. जर्मनीनं त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं, इंग्लंडनं एमबीई हा किताब. पिस्तूल कुठंही नाही.

सुमेधा_कोथरूड

तुम्हा सगळ्यांना फार मौज वाटते आहे, म्हणून जरा बोलते. ‘थरार कागदात’ हे लंडनमध्ये बसून म्हणायला ठीक आहे. नूर इनायत खानचं काय? टिपू सुलतानच्या वंशातली, मुलांच्या गोष्टी लिहिणारी मुलगी. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी वायरलेस ऑपरेटर म्हणून तिला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरवलं, आणि थोड्याच दिवसांत पॅरिसमधलं तिचं अख्खं जाळं पकडलं गेलं. परत ये म्हटलं तर आली नाही. पेटीएवढा जड सेट उचलून घरं बदलत राहिली. जर्मनांच्या गाड्या लहरींचा माग काढत रस्त्यांवरून फिरत असायच्या, त्यामुळे एका जागी जास्त वेळ संदेश पाठवणं म्हणजे पकडलं जाणं. ऑक्टोबरमध्ये कुणीतरी फितूर झालं. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली.

यात पाठलाग आहे, फितुरी आहे, गोळीही आहे. लकडीपूल, तुम्ही ज्याला मसाला म्हणता ते तिचं रोजचं जगणं होतं. शरीराची भीती वजा केलेली हेरकथा ही सुखवस्तू माणसाची हेरकथा.

लकडीपूल

सुमेधाताई, भीती वजा करा असं मी म्हणालो नाही. पण नूरची गोष्ट नीट बघा. अटक झाली तेव्हा पाठवलेल्या संदेशांची वही तिच्या खोलीत सापडली. संदेश नष्ट करायचे असतात. तिनं लिहून जपून ठेवले होते. त्या वहीच्या जोरावर जर्मन तिच्याच सेटवरून लंडनशी ‘नूर’ म्हणून बोलत राहिले. संदेशांमध्ये खटकण्यासारखं होतं, तरी लंडनच्या टेबलावर ते मनावर घेतलं गेलं नाही आणि पुढचे हेर विमानातून थेट गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती उतरले. मला वाचायची आहे ती कादंबरी त्या लंडनच्या खोलीतली. संदेश हातात आहे, काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, वरिष्ठ म्हणतात बाई दमली असेल, आणि घड्याळात विमान निघायची वेळ होत आली आहे.

सुमेधा_कोथरूड

हे लिहिलंत तर मी वाचीन. पण बघा, ‘बाई दमली असेल’ हे वाक्य तुम्ही आत्ता रचलंत. कागदात नाही ते.

ताम्हिणी

हाहा. बोलवा आता इतिहासकारांना.

कॅम्पातला

सगळे लंडन-पॅरिस का फिरताय? २४ जानेवारी १९४३, पुण्याच्या कॅम्पातलं कॅपिटॉल थिएटर, म्हणजे आजचं व्हिक्टरी. गोऱ्या सैनिकांची तिथं गर्दी असायची, खुर्च्यांखाली बाँब ठेवले गेले. स्फोटकं लष्कराच्याच दारूगोळ्याच्या डेपोतून बाहेर काढलेली. ती काढण्यात हात असलेले भास्कर कर्णिक पकडले गेले, आणि सहकाऱ्यांची नावं तोंडून निघू नयेत म्हणून त्यांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेतलं. चौकीपाशी स्मारक आहे. दगडूशेठच्या गर्दीत कुणी मान वर करून बघत नाही. दारूगोळ्याच्या डेपोतून रोज थोडं थोडं काय आणि कसं बाहेर येतं, फाटकावर झडती कोण घेतं, डबा उघडायला लावतात की नाही, यावर मराठीत एक सणसणीत कादंबरी का नसावी?

निवृत्त_लेखापाल

हे हेर नव्हेत, भूमिगत. फरक आहे.

कॅम्पातला

काका, फाटकावरच्या शिपायाला तो फरक सांगून बघा.

बखरवाला

लकडीपूलसाहेबांचा नियम आपल्याकडं लावला तर आपली अर्धी हेरकथा बंद पडेल. बहिर्जी नाईकांबद्दल जुन्या साधनांत ओळी मोजक्याच. सुरतेची बातमी त्यांनी आणली हे सभासद बखरीत येतं. फकीर, ज्योतिषी, वासुदेव असली सोंगं बहुतेक नंतर लोकांनी चढवलेली. आता ५ एप्रिल १६६३ ची रात्र घ्या. शाएस्तेखान लाल महालात, भोवती छावणी, रमजानचा महिना. महाराजांची माणसं मुदपाकखान्याच्या बाजूनं आत शिरतात. कुठली भिंत, कुठला बुजवलेला दरवाजा, आचारी किती वाजता निजतात, हे कुणीतरी आधी पाहून ठेवलं असणार. कुणी, ते कागदावर नाही. तिथं कादंबरीकारानं हात आखडता घेतला तर ती जागा रिकामीच राहील.

मात्र एक पथ्य. रिकाम्या जागेत लिहा, भरलेल्या जागेवर खोडाखोड नको. खानाची बोटं तुटली, खान वाचला. त्याला तुम्ही मारून टाकलंत की माझं पुस्तक मिटलं.

ताम्हिणी

हे मान्य. तसं तर भगतराम तलवारलाही मारता येत नाही. १९४१ साली ‘रहमतखान’ होऊन सुभाषबाबूंना काबूलला पोचवणारा, नेताजी शेजारी मुक्या-बहिऱ्याचं सोंग घेऊन, कारण पश्तू येत नाही. पुढं हाच माणूस पाच देशांचा हेर झाला आणि दिल्लीत बसलेल्या पीटर फ्लेमिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली ‘सिल्व्हर’ नावानं जर्मनांना खोट्या बातम्या पुरवू लागला. नेताजी बर्लिनमध्ये आणि त्यांना सोडून आलेला माणूस बर्लिनलाच फसवतोय! त्याच्या मनात काय चाललं होतं हे कुठली फाइल सांगणार? तिथं मला कादंबरीच हवी, आणि तिच्यात पिस्तूल असलं तरी चालेल.

लकडीपूल

तलवारच्या मनाबद्दल हरकत नाही, लिहा खुशाल. पण बखरवाल्यांनी पेठेत आणलंच आहे तर एक सुचवतो. जानेवारी १७६१, भेलसा, म्हणजे आजचं विदिशा. नानासाहेब पेशवे पानिपतची खबर यावी म्हणून थांबलेत. एका सावकाराचा कासीद वाटेत अडवला जातो आणि त्याच्याजवळचं पत्र फोडतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. पेढीला व्यवहारासाठी खबर आधी हवी म्हणून घातलेली सांकेतिक भाषा, आणि ती वाचतोय विश्वासरावांचा बाप. कादंबरी इथून सुरू करावी, आणि ज्या कारकुनानं ते पत्र आधी वाचलं त्याच्या बाजूनं सांगावी. त्याला अर्थ कळलेला आहे. आता ते पेशव्यांपुढं नेऊन ठेवायचं आहे.

ताम्हिणी

चांगलं आहे. फक्त तो कासीद रात्री निसटायचा प्रयत्न करतो असं एक प्रकरण घाला. घोडा, अंधार, नर्मदेचा काठ.

लकडीपूल

भेलसा बेतवेवर आहे.

ताम्हिणी

मग बेतवेचा काठ. पण घोडा पाहिजे.