व्हीएस कोड (मजकूर आणि कोड लिहायचा एडिटर) : सिलेक्शन नसताना पूर्ण ओळ कट-कॉपी होते, ती वेगळ्या कीवर कशी न्यायची?

ऐरोलीकर :
ट्रान्सहार्बर लोकल मार्गाच्या स्टेशनांची यादी आहे, एका ओळीत एक नाव. ‘दिघा गाव’ शेवटी जोडलं गेलंय, ते ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये न्यायचंय. काही सिलेक्ट नसताना कंट्रोल-सी दाबलं गेलं की पूर्ण ओळ कॉपी होते. रिकाम्या ओळीवर असलो तर आधीचं कॉपी केलेलं जातं आणि हाती नुसता एंटर उरतो. कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी फक्त सिलेक्शनपुरते हवेत, ओळीसाठी वेगळ्या की. विंडोज ११.

पारसिक :
कंट्रोल-स्वल्पविरामाने सेटिंग्ज उघडा, ‘एम्प्टी सिलेक्शन क्लिपबोर्ड’ शोधा आणि टिक काढा. पहिलं काम झालं.

ओळीसाठी कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून कमांडची यादी उघडा आणि तिथून कीबोर्ड शॉर्टकट्सची जेसॉन फाइल (शॉर्टकट मजकुरात लिहायची फाइल) उघडा. की ‘ऑल्ट+एक्स’, कमांड ‘रनकमांड्स’ आणि आर्ग्समध्ये ‘कमांड्स’ नावाची यादी : आधी ‘एक्सपँडलाइनसिलेक्शन’, मग ‘एडिटर.ॲक्शन.क्लिपबोर्डकटॲक्शन’. कॉपीसाठी दुसरी की घ्या, कटच्या जागी कॉपी लिहा आणि शेवटी ‘कॅन्सलसिलेक्शन’ जोडा. नावं इंग्रजीत, जोडून : पहिलं अक्षर लहान, पुढच्या प्रत्येक शब्दाचं कॅपिटल. ‘व्हेन’मध्ये ‘एडिटरटेक्स्टफोकस’ टाकायला विसरू नका, नाहीतर एडिटरबाहेरही ती की अडवली जाऊ शकते. रनकमांड्स १.७७ (मार्च २०२३) पासून आहे.

घोडबंदर :
पारसिक यांची पद्धत बरोबर आहे, पण पेस्ट वेगळं वागतं हे आधीच लक्षात घ्या. मूळच्या सोयीत एडिटर लक्षात ठेवतो की ही ‘ओळ’ आहे, म्हणून कर्सर कुठेही असला तरी ती वरच्या बाजूला बसते. या मॅक्रोत (एका कीवर बांधलेल्या कमांड्सच्या साखळीत) ती साधा मजकूर होते. कर्सर ‘ऐरोली’च्या मधोमध असेल तर ‘ऐ’नंतर दिघा गाव घुसेल आणि ‘रोली’ खालच्या ओळीवर जाईल. पेस्टच्या आधी होम दाबा. इंडेंट (ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा) असेल तर दोनदा, कारण पहिल्यांदा ते पहिल्या अक्षरावर थांबतं.

तुमची ओळ यादीच्या शेवटी आहे, तिथे आणखी एक खोच. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर सिलेक्शनमध्येही एंटर येत नाही, मग पेस्ट केल्यावर ‘दिघा गावऐरोली’ होतं. सेटिंग्जमध्ये ‘इन्सर्ट फायनल न्यूलाइन’ चालू ठेवा, सेव्ह करताना एंटर आपोआप लागतो.

ऐरोलीकर :
झालं, मनापासून आभार. ऑल्टऐवजी कंट्रोल-ऑल्ट घेतलं तर? आणि मराठी कीबोर्ड चालू असताना?

घोडबंदर :
कंट्रोल-ऑल्ट टाळा. विंडोजमध्ये ते उजव्या ऑल्टसारखं धरलं जातं आणि ‘इंग्लिश इंडिया’ लेआउटवर त्याच जोडीने ४ दाबलं की ₹ उमटतो, म्हणजे टायपिंग आणि शॉर्टकट एकमेकांच्या आड येतात. लेआउट बदलत राहत असाल तर एक्स अक्षराऐवजी चौकटी कंसात ‘कीएक्स’ लिहा, त्यातही के आणि एक्स कॅपिटल. मग एडिटर अक्षर न बघता बटणाची जागा बघतो.

पारसिक :
एवढी एकच ओळ वर न्यायची असेल तर क्लिपबोर्डला हातच लावू नका. ऑल्ट-वरचा बाण दाबत राहा, ओळ एकेक पायरी वर सरकते. नुसती उडवायची असेल तर कंट्रोल-शिफ्ट-के, त्यानेही क्लिपबोर्ड शाबूत राहतो.