पसरणी घाट, पद्मिनी आणि ओला फडका

वाई सोडून पसरणी घाट चढताना वडिलांची जुनी पद्मिनी मोटार मे महिन्यात हमखास थांबायची आणि ओल्या फडक्याने चालू व्हायची, अशी आठवण एकाने लिहिली आहे. तो तोडगा अगदी शास्त्रशुद्ध आहे. असं थांबणं हे आजारी गाडीचं लक्षण मात्र नाही.

पद्मिनीचा (१०८९ सीसी) पेट्रोल पंप यांत्रिक, थेट इंजिनाच्या अंगावर बसवलेला. टाकी मागे, त्यामुळे पंपाला पेट्रोल ओढून घ्यावं लागतं. ओढताना पाइपात दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं. त्यात घाटात दुसऱ्या गिअरवर वेग नाही, वारा नाही. पंपात वाफ धरली की डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) नुसती वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) कोरडा पडतो.

बॉनेट उघडून वीसेक मिनिटं थांबा. फडका पंपावर आणि त्याच्या पाइपावर ठेवा. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) पाणी उडू देऊ नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, वाफेने हात भाजतो.

गार होऊनही सुरू होत नसेल तर आधी ठिणगी बघा. तापल्यावर कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला छोटा विजेचा भाग) दगा देतो तेव्हाही गाडी अशीच बंद पडते, आणि बिचाऱ्या पंपावर आळ येतो! ठिणगी ठीक असेल तर टाकीकडून येणारा रबरी पाइप तपासा. चिरेतून पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र ओढली जाते. जुन्या गाड्यांत हे फार आढळतं. पाइप बदलताना क्लिपाही नव्याच घ्या.