जुनी मसल कार बघायला जातोय, तातडीने मदत हवी

मळवाट
शनिवारी सकाळी बघायला जायचंय. शेव्हर्लेची एसएस (सुपर स्पोर्ट) आहे, 396 इंजिन, लाल, छपरावर काळं व्हायनल (प्लॅस्टिकचं आवरण). कागद सगळे आहेत म्हणतो. दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणून ॲडव्हान्स मागतोय. काय काय बघू, पटापट सांगा. 'जुनी गाडी घेऊच नका' हे सांगायला घरी माणसं आहेत.

भुंगा
कुठली एसएस? शेवेल, कमारो, नोव्हा, सगळ्यांत होती. साल? गाव?

मळवाट
शेवेल हो. 1970. गाडी क्लीव्हलंडला, मी कोलंबसला (अमेरिकेत, ओहायो).

कारभारी
क्लीव्हलंड म्हणजे बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यावर मीठ, त्याने पत्रा गंजतो. चुंबक फडक्यात गुंडाळून ने. मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ बघ. चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, नुसती पुट्टी भरलीय. व्हायनलखाली पाणी धरतं, मागच्या काचेभोवती बोटाने दाब. कुरकुरलं की समज पत्रा गेला. आणि मागच्या एक्सलवरून चेसिस वर चढते तिथे खाली वाकून बघच. फोटोत ते कोणी दाखवत नाही.

गॅरेजवाला
एवढं कशाला? व्हीआयएन (गाडीचा कारखान्यातला नंबर) 138 ने सुरू झाला तर खरी एसएस, 136 असेल तर मालिबू, म्हणजे साधी शेवेल. विषय संपला.

भुंगा
तो विषय 1968 लाच संपला. 66 ते 68 एसएसची मालिका वेगळी होती, तेव्हा 138. 69 पासून ते जादा पैशाचं पॅकेज झालं, 70 ची अस्सल एसएससुद्धा 136 च. म्हणूनच मालिबूला पट्टे मारून, बिल्ले लावून एसएसच्या भावात विकतात. कारखान्याची बिल्ड शीट हवी, म्हणजे गाडीत काय काय बसवलं त्याचा कागद. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर सापडते कधी कधी. 'कागद आहेत' म्हणजे नक्की कुठले? टायटल (मालकीचा कागद) काय, सगळ्यांकडेच असतं.

गॅरेजवाला
कागद चालवणार आहे का तो? गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर आधीच सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन सुरू करायला लाव, निळा धूर आला तर ऑइल जळतंय.

भुंगा
नुसती चालवायचीच तर मालिबूच्या भावात घे की.

उनाड
आपली मसल कार म्हणजे कॉन्टेसा! सांगाडा व्हॉक्सहॉलचा, पण थाट आपला. पुण्यात कुणाकडे विकाऊ आहे का?

कारभारी
उनाड, वेगळा धागा काढा ना राव.

मळवाट
नंबरचा फोटो मागवला. 136 निघाला! खोटी आहे, कळवून टाकतो त्याला.

भुंगा
अरे, वर काय लिहिलंय? 136 वरून खरी-खोटी काहीच ठरत नाही. ब्लॉकवर उजव्या हेडच्या पुढे छोटी पट्टी असते, तिथले आकडे बघ, इंजिन मूळचंच आहे का ते कळतं. कारखान्यातल्या कापणीच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. गुळगुळीत असेल तर घासून नवे आकडे ठोकले असण्याची शक्यता दाट. आणि मालक 402 म्हणाला तर दचकू नको, 70 ला नाव 396 च ठेवून इंजिन 402 घनइंची केलं होतं.

मळवाट
बिल्ड शीट शोधायला मागची सीट काढायची तर पाना लागेल?

कारभारी
नाही. बसायच्या भागाची पुढची कड गुडघ्याने मागे दाब आणि उचल. मालकाला आधी विचार, नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. ॲडव्हान्स आत्ता देऊ नको. आणि किती मागतोय ते अजून सांगितलंच नाहीस.