लाल-निळ्यातून जांभळा का उतरत नाही?

लाल, पिवळा आणि निळा या तीन मूळ रंगांतून बाकीचे बहुतेक रंग बनतात, हे नेहमी सांगितले जाणारे मत तत्त्वतः मान्य असले, तरी प्रकल्पासाठी रंगचक्र रंगवणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना त्यातली मेख सहसा कोणी सांगत नाही. शेंदरी झाक असलेल्या लालमध्ये प्रशियन निळा (हिरवट झाकेचा गडद निळा) मिसळला, की जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी हाती येतो, कारण शेंदरीतला पिवळा अंश जांभळ्याचा विरोधी, म्हणजे रंगचक्रात त्याच्या समोरचा आणि त्याला मळवणारा असतो. किरमिजी लाल आणि तांबूस झाकेचा अल्ट्रामरीन निळा घेतल्यास रंग पुष्कळच स्वच्छ उतरतो. हिरवा बनवताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबानेच घालावा, हेही तितकेच महत्त्वाचे. (गुण मात्र रेषेबाहेर न गेलेल्या रंगाला मिळतात, हा भाग वेगळा.) सावलीसाठी मी काळा वापरतच नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) यांच्या मिश्रणातला करडा अधिक जिवंत दिसतो.